डाव्या खुर्चीत कोण होतं

मित्रांनो, हँगरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडकी शिडी यांच्या मधे ताडपत्रीखाली जे झाकून ठेवलेलं दिसतं, तो मी. ताडपत्री उचललीत तर आधी माझं नाक दिसेल, मग शेजारी शेजारी दोन खुर्च्या, आणि शेवटी शेपटीखालचं एवढंसं चाक. मी विमान आहे. एका माणसाच्या गॅरेजमध्ये जन्मलेला, अंगानं हलका, आणि आता म्हातारा. माझ्या पायी एका घराचं जे झालं ते मला तुम्हाला सांगायचं आहे. ते डोळ्यांनी पाहणारे आम्ही तिघंच होतो. त्यातले दोघं खोटं बोलले आणि तिसऱ्याला, म्हणजे मला, तोंडच नव्हतं.

मला बनवणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, हाडापेरानं मोठा, बोलणं बेताचं. वीस वर्षं पोलादी दोर ओढून त्याचे हात असे झाले होते की डब्याचं झाकण उघडायला गेला तर डबाच चेपायचा. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना बाबाच म्हणत आलो.

बाबांकडे विमान चालवण्याचा परवाना तरुणपणापासून होता. एका रविवारी त्यांनी गॅरेजमधली गाडी बाहेर रस्त्यावर काढली, ती पुढे अकरा वर्षं बाहेरच राहिली. आत मी आलो. आधी नकाशांची गुंडाळी, मग ॲल्युमिनियमचे पत्रे, मग पत्रे जोडायच्या हजारो रिबिटांचे डबे. माझे पंख गॅरेजमध्ये मावेनात, तेव्हा एक पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला आणि दुसरा झोपायच्या खोलीत पलंगाखाली गेला. पाहुणे आले की बाबांची बायको हसून म्हणायची, "पाय जपून हं, आमच्याकडे पलंगाखाली विमान आहे." तिला ते हसू दर वेळी मनापासून येत असे, असं नाही.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. माझी शेपटी म्हणजे निमुळता बोगदा. त्यात मोठं माणूस शिरत नाही. ती शिरायची. आत पालथी पडून लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरायची आणि बाहेरून बाबा रिबीट ठोकायचे. कानठळ्या बसायच्या. भीती वाटू नये म्हणून ती आत पाढे म्हणायची. पुढे पाढ्यांच्या जागी इतिहासातल्या सनावळ्या आल्या, मग भौतिकशास्त्राची सूत्रं. ती खांद्यानं रुंद होऊन बोगद्यात मावेनाशी झाली, तोवर माझी शेपटी पुरी झाली होती. बाबांनी तिचं नाव 'रिबीट' पाडलं ते कायमचं. मी तिलाही त्याच नावानं ओळखतो.

एकोणीस वर्षांची झाल्यावर रिबीट फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकली. बाबांचं मात्र उडणं जवळजवळ बंदच पडलं होतं. सुट्टीचा प्रत्येक तास माझ्यावर जायचा, मग आकाशात जाणार कधी? मला बनवताना माणूस उडायचं विसरत चालला होता आणि ते त्याच्या लक्षातही येत नव्हतं.

मी पुरा झालो. ट्रकवर लादून मला धावपट्टीवर आणलं, पंख जोडले, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. लोक गोळा झाले. क्लबचे सेक्रेटरी माझ्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "कारखान्यातलं वाटतंय हो!" बाबांनी मान खाली घातली. एरवी ते मान खाली घालत ती लाजेनं. त्या दिवशी डोळे भरले होते म्हणून घातली.

पण मित्रांनो, खरी गोष्ट इथून सुरू होते. विमान बनवलं म्हणून ते चालवता येतंच असं नाही. क्लबचं शिकाऊ विमान सोशीक होतं. तुमची चूक ते पोटात घालायचं. मी तसा नाही. वैमानिकाच्या हातातली माझी काठी दोन बोटांनी हलते. इंजिनाची ताकद कमी केली की माझा वेग झपकन उतरतो. आणि माझं तिसरं चाक नाकाखाली नाही, शेपटीखाली आहे. त्यामुळे उतरल्यावर पायांनी मला सरळ ठेवावं लागतं, नाहीतर मी गर्रकन स्वतःभोवती फिरतो. म्हणून नव्या जातीच्या विमानावर बसण्याआधी, त्या जातीत मुरलेला शिक्षक शेजारी घेऊन वेगळं शिकून घ्यायचं असतं. त्याची सही आपल्या उड्डाणांच्या वहीत पडली की मगच एकट्यानं उडायचं. विम्याचे लोक तेच सांगत होते, क्लबचा नियमही तोच होता.

तो शिक्षक काही केल्या मिळेना.

क्लबच्या शिक्षकानं माझ्याभोवती एक फेरी मारली, पंखावर टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, मला दोन लेकरं आहेत. घरी बनवलेल्या डब्यात मी बसत नाही." कॅन्टीनमध्ये त्यानं हाच विनोद पुन्हा केला. सगळे खो खो हसले. मागच्या टेबलावर बाबा आणि रिबीट चहा घेत बसले होते. कोणी आवाज खाली केला नाही.

दुसरा शिक्षक लांबच्या धावपट्टीवरचा. तो फोनवर म्हणाला, "आमच्या विमानात दहा तास करा. उडणं सगळीकडे सारखंच."

"तुम्ही या जातीचं चालवलंय?" बाबांनी विचारलं.

"चालवलं नाही. बघितलंय."

तिसऱ्यानं तर कमाल केली. "तुम्हाला कागदच पाहिजे ना? वही पाठवून द्या. सही करून परत पाठवतो. यायची गरज नाही." हे बोलणं माझ्या पंखाला टेकून चाललं होतं, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. बाबांनी फोन ठेवला. "खोटी सही!" ते रिबीटला म्हणाले. "माणसं मरतात अशानं. माणसं मरतात!" मला अभिमान वाटला होता त्यांचा. अजूनही त्या एका वाक्यापुरता वाटतो.

सहा महिने असेच गेले. मग माझ्याच जातीचं विमान असलेल्या एका परक्या माणसानं एका बाईंचा नंबर दिला. साठी ओलांडलेल्या. अठरा वर्षं त्यांनी माझ्यासारखंच विमान चालवलं होतं. रिबीटनं फोन स्पीकरवर टाकला.

"गेल्या वर्षात किती तास उडलात?" बाईंनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चार," बाबा म्हणाले.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "चार तासांत माणसाला फरशीसुद्धा धड पुसता येत नाही. पहिली उड्डाणं मी एकटी करणार. ते कसं वागतं ते मला कळलं की मग शिकवीन. आणि सही पटली तरच करीन. रडारड चालणार नाही. कबूल?"

बाबा "कबूल" म्हणाले. रिबीटनं तोंडावर हात दाबून उडीच मारली.

बाई आल्या. बारक्या, पांढरे केस कापलेले, हातात एक चामडी बॅग. कॅन्टीनच्या वरच्या खोलीत राहिल्या. पाच आठवडे त्यांनी मला एकट्यानं उडवलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ. त्यांचा हात काठीवर असा असायचा की आहे की नाही ते मला कळायचं नाही. पण खाली उतरलं की तीच बाई सुरीसारखं बोलायची. "उजवा पंख जड आहे. कोणी केलाय हा? झोपेत केलाय का?" बाबा मुकाट्यानं वहीत लिहून घ्यायचे आणि दुरुस्त करायचे.

मग शिकवणी सुरू झाली. बाबा डाव्या खुर्चीत, बाई उजव्या. डावी खुर्ची चालवणाऱ्याची. बाबांनी काठी धरली ती लिफ्टच्या दोरासारखी, मुठीत गच्च. मी नाक वर करून धडपडलो. बाईंनी पेन्सिलीनं त्यांच्या बोटांच्या पेरांवर फटका मारला.

"ओढताय काय? अडकलेत का कोणी वरच्या मजल्यावर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "ही चुरगळता कामा नये." खाली आलो तेव्हा पट्टीचे दोन तुकडे झाले होते आणि घामानं लगदा. रिबीटची पाळी आली. तिच्या हाताखालून पट्टी जशीच्या तशी परत आली. बाईंनी ती उन्हात धरून पाहिली, आणि सगळ्यांसमोर बाबांच्या शर्टाच्या खिशात खोचली. "ठेवा. लेकीकडून शिका."

बाबा हसले. असं हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. फक्त ओठांचं.

तीन आठवडे हे चाललं. रिबीट रोज सुधारत होती, बाबा रोज बिघडत होते. बाई ओरडल्या की ते जास्त घट्ट धरायचे, घट्ट धरलं की मी उसळायचो, मी उसळलो की बाई ओरडायच्या. शेवटच्या दिवशी बाईंनी रिबीटच्या वहीत लिहिलं, 'एकटीनं उडवण्यास हरकत नाही', आणि झोकदार सही केली. रिबीटनं एका मोठ्या कंपनीच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. पहिल्या चाळणीतून ती पार झाली होती. बाई म्हणाल्या, "तिथली निवड करणारे माझ्या ओळखीचे आहेत. तुझं पत्र मी लिहीन. असा हात मी दहा वर्षांत पाहिला नाही."

मग बाबांकडे वळल्या. "तुम्ही तयार नाही. शेपटीला चाक असलेल्या एखाद्या गरीब विमानावर दोन महिने तास काढा, मग मला बोलवा. तोपर्यंत डाव्या खुर्चीत बसायचं नाही."

"बाई, अकरा वर्षं मी हे..."

"लिफ्ट दुरुस्त करता म्हणून बिल्डिंग तुमची होते का?"

बाबांची वही त्यांनी मिटून परत दिली. कोरी.

बाई गेल्या. रिबीट माझ्या पंखाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी एकटी नाही उडवणार. तुमची सही झाली की आधी तुम्ही, मग मी." ते "हं" म्हणाले आणि चिंधीनं माझी काच पुसत राहिले. ती काच त्यांनी आधीच दोनदा पुसली होती.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, ते दोघं मला धुवायला आले. क्लबमध्ये चिटपाखरू नव्हतं. वाऱ्याची पिशवी आडवी झाली होती, म्हणजे वारा चांगलाच होता, आणि तोही धावपट्टीला आडवा. अंग पुसून झाल्यावर बाबा म्हणाले, "जरा इंजिन गरम करतो. जमिनीवरच फिरवून आणतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"बाबा, बाईंनी सांगितलंय ना..."

"जमिनीवर चालवायला सही लागत नाही. तूच शिकव आता मला!"

तो शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला की ती बाजूला सरकली.

माझ्या आत चालवणाऱ्याच्या पायाखाली जी पेडलं आहेत, त्यांना तीन भोकं आहेत. खिळा काढायचा, पेडलं मागेपुढे सरकवायची, खिळा घालायचा. रिबीट बुटकी, तिची पेडलं सगळ्यात जवळच्या भोकात. बाबांनी ती सगळ्यात लांबच्या भोकात सरकवली आणि डाव्या खुर्चीत बसले.

पहिल्या टोकाकडे जाताना ते खरंच हळू गेले. वळले. आणि मग माझ्या इंजिनावर त्यांचा हात जड झाला. माझी शेपटी उचलली गेली. थांबता आलं असतं. त्यांनी थांबवलं नाही, आणि मी वर आलो.

खोटं कशाला सांगू? वर आम्हाला दोघांनाही बरं वाटलं. बाबा मोठमोठ्यानं हसत होते. इंजिनाच्या आवाजात ते एकट्या मला ऐकू येत होतं. त्यांनी धावपट्टीवरून एक चक्कर घेतली आणि खाली ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या लेकीला पंख हलवून दाखवले, दोनदा. तिनं दोन्ही हात वर केले. ती रागावली असणार, घाबरली असणार, तरी केले.

मग उतरायची वेळ आली. आम्ही वेगात आलो. चाकं टेकली, मी उसळलो, पुन्हा टेकलो. आडव्या वाऱ्यानं माझी शेपटी ढकलली. मी वाट पाहत होतो, पायानं जरासा इशारा येईल, एवढासा. बाबांनी दोन्ही ब्रेक मुळापासून दाबले. मी गर्रकन फिरलो. माझा डावा पाय अंगाखाली मोडला, डाव्या पंखाचं टोक जमिनीत घुसलं, नाकावरच्या पंख्याच्या चिंध्या झाल्या. मग एकदम शांत झालं. पेट्रोलचा वास तेवढा येत होता.

रिबीट धावत आली. "बाबा! लागलं का? बाबा!"

कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी काही नव्हतं. तिनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. ते गवतात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "परवाना जाणार. हँगरमधून काढतील आपल्याला. सगळे हसतील." तेच पुन्हा म्हणाले, "सगळे हसतील."

दूर क्लबच्या फाटकाशी धूळ उडाली. सेक्रेटरींची गाडी येत होती.

रिबीटनं त्या धुळीकडे पाहिलं. मग ती माझ्या आत वाकली. खिळा काढला, पेडलं जवळच्या भोकात आणली, खिळा घातला. बाबा ते पाहत होते. मग ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, मी या गोष्टीचा वर्षानुवर्षं विचार केला आहे. मला वाटतं, तिनं ते खोटं त्यांच्या हाताशी नुसतं ठेवलं होतं. लागलंच तर असावं म्हणून. ते घेतील, असं तिला वाटलं नव्हतं.

सेक्रेटरी धापा टाकत आले. "अरे देवा! कोण होतं आत?"

रिबीटनं बाबांकडे पाहिलं. वाट पाहिली.

"पोरगी," बाबा म्हणाले. आणि कोणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, "मी सांगत होतो तिला, आज वारा आहे म्हणून."

सेक्रेटरींनी विचारलं, "तुमच्या कपाळाला काय झालं?"

"धावत आलो, तिला काढायला. पंख लागला."

रिबीटचा चेहरा मला त्या वेळी दिसत होता. एखाद्यानं हात पुढे करावा आणि दुसऱ्यानं त्यावर निखारा ठेवावा, तसा तो झाला. पण तिनं हात मागे घेतला नाही. "हो," ती म्हणाली, "मीच होते." घरी आईलाही तिनं तेच सांगितलं. आईनं तिला आठ दिवस बोल लावला आणि बाबांच्या कपाळाला मलम लावलं.

चौथ्या दिवशी बाई आल्या. बस बदलत बदलत, एवढ्या लांबून. त्या माझ्या मोडक्या अंगात शिरून डाव्या खुर्चीत बसल्या, पाय लांब केले, पेडलं कुठल्या भोकात आहेत ते पाहिलं. बराच वेळ बसून राहिल्या. मी मनात ओरडत होतो. खिळ्याजवळचं ग्रीस पाहा, बाई! ताजं पुसलं गेलंय, पाहा! पण पत्र्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

"माझ्याकडे बघून सांग," त्या रिबीटला म्हणाल्या. "तू होतीस?"

"हो, बाई."

"वारा दिसत नव्हता?"

"दिसत होता."

"तरी गेलीस?"

बाईंनी तिची वही मागितली. आपल्या झोकदार सहीवर एक तिरकी रेघ मारली, इतक्या जोरात की कागद फाटला. "मी चाळीस वर्षं सही जपली. तू पंधरा दिवसांत तिची लाज काढलीस. पत्राची वाट पाहू नकोस. त्यांना फोन मात्र करीन, कारण ही बातमी माझ्याकडून कळलेली बरी."

बाबा तिथेच होते. दोन पावलांवर. बाई निघाल्या तेव्हा ते लगबगीनं पुढे झाले, त्यांची चामडी बॅग उचलली आणि फाटकापर्यंत नेऊन दिली.

रिबीटची निवड झाली नाही. पुढल्या वर्षी तिनं अर्ज केला नाही, त्याच्या पुढल्या वर्षी वय उलटलं. तिनं चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. येणाऱ्यांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, काचा बसवून द्यायच्या. हँगरकडे ती फिरकेनाशी झाली.

बाबांनी मला पुन्हा उभं केलं. अडीच वर्षं लागली. माझ्या शेपटीत आता शिरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी बाजूनं पत्रा कापून हात घालायला भगदाड पाडलं आणि नंतर त्यावर ठिगळ लावलं. ते एकटेच काम करायचे. कधी कधी हातोडा थांबायचा आणि ते नुसते बसून राहायचे. मला वाटायचं, आता सांगतील. आज घरी जाऊन सांगतील. दुसऱ्या दिवशी यायचे आणि पुन्हा ठोकायला लागायचे.

मग त्यांनी राहिलेलं शिक्षणही पुरं केलं. दुसरा एक तरुण शिक्षक मिळाला, मऊ बोलणारा, कधी न ओरडणारा. त्याच्याबरोबर बाबांचा हात हळूहळू हलका झाला. सही मिळाली. ते मला चांगलं उडवायला लागले. खरंच चांगलं, मित्रांनो. तेच तर जास्त लागतं मनाला. दोन महिने दम धरला असता तर हे तेव्हाही झालं असतं.

वर्षं गेली. कॅन्टीनमध्ये हसणारे लोक निवृत्त झाले, नवे आले. घरी विमान बनवणारे वाढले. नवी माणसं बाबांना सल्ला विचारायची, शिक्षक कसा शोधावा, किती तास घ्यावेत. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही एक व्याख्यानच द्या की." हँगरमध्ये माझ्यासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. मागे पडदा. बाबा उठले आणि पडद्यावर एक चित्र आलं. मोडलेला पाय, जमिनीत घुसलेला पंख. माझंच.

"हे माझ्या मुलीच्या हातून झालं," बाबा म्हणाले. आवाज स्थिर होता. "हुशार पोर. हात चांगला. पण घाई. सही मिळाली की आपल्याला सगळं आलं असं वाटतं. म्हणून सांगतो, शिक्षणात घाई करू नका. माझ्या घरचं उदाहरण आहे."

ते खोटं बोलताहेत असं मला वाटलंच नाही. इतक्या वेळा सांगून सांगून त्यांना ते दिसायला लागलं असावं.

सगळ्यात मागच्या ओळीत रिबीट बसली होती. आईला गुडघेदुखीमुळे चालवेना, म्हणून तिला धरून घेऊन आली होती. एका नव्या, उत्साही माणसानं मागे वळून विचारलं, "ताई, तुम्हीच ना त्या? नेमकं काय झालं हो त्या वेळी? आम्हाला उपयोग होईल."

बाबांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

रिबीट उभी राहिली. "वेग जास्त होता," ती म्हणाली. "चाकं टेकली, उसळी बसली. उसळी बसली की ताकद देऊन सरळ पुन्हा वर जायचं असतं. तसं केलं नाही. वाऱ्यानं शेपटी ढकलली तेव्हा पायानं सावरायचं होतं. घाबरून दोन्ही ब्रेक दाबले."

"आणि त्याआधी, वर असताना?"

"वर असताना फार आनंद झाला होता. पंख हलवून दाखवले, दोनदा. खाली उभ्या असलेल्या माणसानं दोन्ही हात वर केले."

"खाली कोण होतं?"

तिनं बाबांकडे पाहिलं. "घरचंच माणूस," ती म्हणाली आणि बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं सगळं बोलताना तिनं एकदाही 'मी' म्हटलं नव्हतं. ते त्या हँगरमध्ये दोघांनाच कळलं. एक मी, आणि दुसरे पाण्याचा पेला धरून उभे होते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी का होईना, आता. त्यांनी घसा खाकरला.

"पुढचं चित्र," ते म्हणाले.

रिबीट आईला धरून निघून गेली. जाताना माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा खुर्च्या मांडल्या. तेच चित्र पडद्यावर आलं. बाबा या वेळी जास्त रंगून बोलले. "वर गेल्यावर पोरीला इतका आनंद झाला," ते म्हणाले, "की तिनं मला पंख हलवून दाखवले. दोनदा. मी खाली उभा होतो. काय करणार, बापाचं काळीज! मी दोन्ही हात वर केले." समोर बसलेल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

आता बाबा थकले आहेत. त्यांना माझ्यात चढवत नाही, म्हणून मी या कोपऱ्यात आहे. माझ्याबरोबर माझी वहीही ठेवली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. कधी कोणी मला विकत घेईल, ताडपत्री काढेल आणि वही वाचेल. त्यात त्या रविवारची नोंद आहे, आणि तिच्यापुढे मुलीचं नाव.

मित्रांनो, माझ्यासारखं विमान तुमच्या हाती आलं तर त्याला ओल लागू देऊ नका, आणि नीट शिकल्याशिवाय त्यात बसू नका. एवढं तर बाबाही सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. त्या नोंदीवर विश्वास ठेवू नका. आणि कधी चष्म्याचा नंबर काढायला गेलात, आणि एका बुटक्या बाईनं तुमची हनुवटी दोन बोटांनी, लागणार नाही इतक्या हलक्या हातानं वर केली, तर तिला माझा एक निरोप द्या. सांगा, माझ्या डाव्या खुर्चीत ती एकंदर नऊ तास बसली होती, आणि त्या नऊ तासांत मला साधा ओरखडाही आला नाही.